अर्धी गोळी

१२ जानेवारी

आज व्यसनमुक्ती केंद्रात नवा माणूस आला. त्याला त्याची सासू घेऊन आली.

फॉर्मवर 'सोबत आलेल्या व्यक्तीचं नातं' असा रकाना असतो. मी पेन धरून थांबले, तर त्या म्हणाल्या, "सासू. लिहा ना, सासूच आहे मी." माझ्या इथल्या आठ महिन्यांत बायका आल्या, आया आल्या, एकाला त्याचा मालक घेऊन आला होता. पण सासू पहिल्यांदाच.

माणूस अडतिशीचा, लिफ्टदुरुस्तीचं काम करतो. चार वर्षांपूर्वी लिफ्टच्या खड्ड्यात पडला, कंबर मोडली. दुखण्यासाठी गोळ्या दिल्या, त्या सुटेनात. डॉक्टरांनी लिहून देणं बंद केलं तेव्हा नशेची पावडर सुरू झाली. हे त्याने सांगितलं. पुढचं सासूबाईंनी.

"माझी मुलगी याच्याच डबीतल्या गोळ्या घ्यायला लागली. आधी डोकेदुखीला म्हणून, मग झोपेला म्हणून. दोन वर्षं झाली तिला जाऊन. मी याला माफ केलेलं नाही बाई, आणि करणारही नाही. पण घरात नऊ वर्षांची पोरगी आहे. तिला आई नाही. बापही नसला तर मी एकटी किती दिवस पुरणार आहे?"

हे सगळं तो शेजारी बसलेला असताना. तो आपल्या बुटांकडे बघत होता. मी विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? म्हणाला, "आजी बरोबर सांगताहेत." नातीसारखाच तोही त्यांना आजी म्हणतो.

डॉक्टरांनी गोळी सुरू केली. जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत गिळायचं नाही, बोलायचं नाही. आमच्या बाकावर सकाळी दहा-बारा माणसं अशी ओठ मिटून बसलेली असतात. मग सिस्टर बॅटरी घेऊन येतात आणि एकेकाला "आ करा" म्हणतात. नवीन कोणी आलं की त्याला वाटतं, इथे दाताचे डॉक्टर बसतात.

१४ जानेवारी

ही वही मी स्वतःशी खरं बोलण्यासाठी ठेवली आहे, तर लिहून टाकते. मला गोळी मनातून पटत नाही. प्रशिक्षणात सगळं शिकवलं: गोळीने तलफ थांबते, माणूस जगतो, मग बोलण्याला अर्थ येतो. परीक्षेत हेच लिहून मी पहिली आले. डॉक्टर म्हणतात, "मेलेल्या माणसाशी तू काय बोलणार आहेस?" बरोबर आहे. पण एक सोडून दुसरं धरायचं, याला सुटका म्हणायचं का?

कारण मी सुटका पाहिली आहे. मी अकरा वर्षांची होते. माझे वडील, अण्णा, एका सकाळी उठले, दारूची बाटली मोरीत ओतली आणि म्हणाले, "संपलं." पुन्हा जन्मात शिवले नाहीत. मी या कामात आले ती अण्णांमुळे. बारा वर्षं शाळेत मुलांचं समुपदेशन केलं, पण मनात हेच होतं.

२ फेब्रुवारी

लिफ्टवाला सुधारतोय. तीन आठवड्यांत गालावर मांस दिसायला लागलं. आज पहिल्यांदा आपणहून बोलला, तेही लिफ्टबद्दल.

"लोकांना वाटतं मोटर लिफ्ट ओढते. तसं नसतं मॅडम. दोराच्या दुसऱ्या टोकाला वजन लटकवलेलं असतं. ते वजन लिफ्टला तोलून धरतं. मोटर नुसती थोडं ढकलते."

मी म्हटलं, "आणि ते वजन काढलं तर?"

"तर मोटर रडेल," म्हणाला आणि हसला. समोरचा एक दात अर्धा आहे. हसला की वयाने दहा वर्षं लहान दिसतो.

सासूबाई रोज त्याला दारापर्यंत सोडतात आणि बाहेरच्या बाकावर बसून राहतात. आत या म्हटलं तर येत नाहीत. "जावयाच्या पाठीमागे किती फिरायचं, त्यालाही काही मर्यादा असते," म्हणाल्या. सिस्टर म्हणाल्या, "असली सासू मला मिळाली असती तर मीही पावडर घेतली असती." सासूबाईंनी ऐकलं, आणि मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

२० फेब्रुवारी

आजचं बोलणं मोठं झालं. कामावर परत घेतलंय त्याला. आता दर शुक्रवारी माझ्याकडे बसतो.

मुलीने त्याला विचारलं, "बाबा, तुम्ही रोज औषध घ्यायला जाता, म्हणजे तुम्ही अजून आजारीच आहात ना?" मला सांगताना त्याचे डोळे भरून आले. "तिच्या आईलासुद्धा मी औषधच सांगत होतो मॅडम. हे औषध आहे, ते औषध आहे. पोरीला आता तो शब्दच ऐकवत नाही."

मला राहवलं नाही. मी त्याला अण्णांची गोष्ट सांगितली. एरवी स्वतःच्या घरातलं सांगू नये असं शिकवतात, पण योग्य जागी सांगितलेली खरी गोष्ट शंभर सल्ल्यांपेक्षा जास्त काम करते. मोरी, बाटली, "संपलं", सगळं सांगितलं.

त्याने विचारलं, "काहीच न घेता?"

"काहीच न घेता."

"मुलांसाठी?"

"आमच्यासाठीच. आम्ही दारात उभ्या होतो दोघी बहिणी."

गोष्ट पोचली.

घरी आल्यावर आईला सांगितलं, आज अण्णा कामी आले. आई म्हणाली, "परक्या माणसांना कशाला सांगतेस घरातलं?" आणि कपडे काढायला गच्चीत गेली. कपडे ओलेच होते. तसेच घेऊन आली.

१८ मार्च

आठवड्याच्या गोळ्या घरी न्यायची परवानगी मिळाली त्याला. दोन महिन्यांत एकदाही चुकला नाही. सिस्टरनी पाकीट देताना दम दिला, "हरवली, पडली, मांजराने खाल्ली, मला काही सांगायचं नाही." तो म्हणाला, "मांजर नाही आमच्याकडे. आजी आहेत." सासूबाई म्हणाल्या, "ऐका! बोलायला लागला."

आता त्यांना रोज यावं लागणार नाही. जाताना मला म्हणाल्या, "बाकडं चांगलं होतं हो तुमचं. सवय झाली होती."

१० एप्रिल

त्याने आज डॉक्टरांना विचारलं, गोळी कधी सुटेल. डॉक्टर म्हणाले, "गाडी सुटतेय का तुमची? वर्षभर बघू. नंतर कमी करायची तर दोघं मिळून करू, हळूहळू."

माझ्या खोलीत आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. "वर्षभर. म्हणजे पोरगी दहाची होईल तरी मी पेशंटच."

मी म्हटलं, डॉक्टर सावध असतात, ते त्यांचं कामच आहे. खरं म्हणजे मला डॉक्टरांचा थोडा राग आला. माणसात उमेद जागी झाली की त्यावर असं पाणी ओतायचं का?

२४ एप्रिल

तो अर्धीच गोळी घेतो आहे! तीन आठवडे झाले. म्हणजे डॉक्टरांना विचारलं त्याच्याही आधीपासून. घरातल्या पाण्याच्या टाकीशी उभं राहून लहान सुरीने दोन तुकडे करतो म्हणाला. एक घेतो, एक डबीत टाकतो. आजींना माहीत नाही. कुणालाच नाही. मलाच पहिल्यांदा सांगितलं.

मी म्हटलं, हे डॉक्टरांना सांगायला हवं. तो म्हणाला, "सांगतो मॅडम, मीच सांगतो. थोडं जमलं की सांगतो. आत्ता सांगितलं तर परत पूर्ण करायला लावतील." मग म्हणाला, "तुमच्या वडिलांनी कुणाला विचारलं होतं का?"

स्वतःशी खरं बोलायचं म्हणून लिहिते: मला आनंद झाला. मी त्याला म्हणाले, "तुमचा मला अभिमान वाटतो." फाईलमध्ये लिहिलं नाही. त्याने विश्वासाने सांगितलं आहे. तो जपायला हवा.

१ मे

लिफ्टवाल्याला सर्दी झाली आहे. डोळ्यांतून, नाकातून पाणी. सारखा जांभया देत होता, पाय एका जागी ठरत नव्हता. हवा बदलते आहे, सगळीकडेच चाललंय. मी आल्याचा चहा सुचवला. तो म्हणाला, "हो, सर्दीच आहे."

मनाने मात्र उत्साहात. पंधरा तारखेला मुलीच्या शाळेत कार्यक्रम आहे, ती एकटी गाणार आहे. "तोपर्यंत मला पूर्ण मोकळं व्हायचंय. पहिल्या रांगेत बसणार, आणि ती विचारेल ना, बाबा अजून आजारी आहात का, तर नाही म्हणणार."

सासूबाई बऱ्याच दिवसांनी आल्या होत्या. मला बोळात गाठून म्हणाल्या, "झोपत नाही हो हल्ली. येरझाऱ्या घालतो. सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, "ठीक आहे आजी. चांगलं चाललंय." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "तुम्ही म्हणताय तर असेल."

१५ मे

तो कार्यक्रमाआधी दहा मिनिटं येऊन गेला. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. हात थंडगार आणि ओले होते.

गोळी पूर्ण बंद केली आहे. आज नववा दिवस. पाकीट घेतो, पण खात नाही. "नऊ दिवस मॅडम! एकही नाही." अंगावर काटा येतो, पोटात कळा येतात, पण सोसतो म्हणाला.

या वेळी मी घाबरले थोडी. नऊ दिवस सोसणं सोपं नाही. मी म्हटलं, सोमवारी आपण दोघं डॉक्टरांकडे जायचं, नक्की. तो म्हणाला, "नक्की. आज तेवढं शाबास म्हणा."

म्हटलं. शाबास म्हटलं.

१८ मे

दहाची वेळ होती. अकरा झाले, आला नाही. साडेअकराला सासूबाईंचा फोन आला. सिस्टरनी घेतला.

शनिवारी दुपारी तो गेला.

१९ मे

जेवढं कळलं तेवढं लिहिते. नाहीतर ते माझ्या डोक्यात फिरत राहील.

शनिवारी एका सात मजली इमारतीत लिफ्ट बंद पडली म्हणून त्याला बोलावलं. तो गच्चीवरच्या मशीनरूममध्ये एकटा होता. दोन वाजता वर गेला. लिफ्ट सुरू होईना म्हणून लोकांनी कंपनीत तक्रारी केल्या. एक बाई सामान घेऊन जिन्यात बसून होत्या. सगळ्यांना वाटलं, मोठं काम असेल. पाच वाजता वॉचमन चढून गेला.

त्याने घेतलेली पावडर फार नव्हती, डॉक्टर म्हणाले. पूर्वी तो दिवसाला तिप्पट घ्यायचा आणि कामावर जायचा. पण आता अंगाला सवय राहिली नव्हती, आणि पावडरचा असर अडवणारी गोळीही नव्हती. सोबत कुणी असतं तर नशेचा असर उतरवणारा, आम्हीच दिलेला फवारा नाकात मारला असता. तो फवारा आजींकडे घरात कपाटात आहे, सील न तोडलेला.

शुक्रवारी कार्यक्रमात तो पहिल्या रांगेत बसला होता. मुलगी छान गायली म्हणे.

२० मे

मी अंत्यविधीला गेले नव्हते. मला कळलंच नव्हतं. कळलं असतं तर गेले असते का, हेही सांगता येत नाही.

२२ मे

आज डॉक्टरांना सगळं सांगितलं. अर्धी गोळी, बंद गोळी, गोळी तुटल्याची लक्षणं मी सर्दी समजले ते, माझं शाबास. उभ्यानेच सांगितलं, कारण बसले असते तर उठता आलं नसतं.

ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फाईल उघडली, २४ एप्रिलच्या नोंदीवर बोट ठेवलं. तिथे माझ्या अक्षरात होतं, 'प्रगती समाधानकारक.'

"मला तुझ्यावर चिडायचंय," ते म्हणाले, "पण आत्ता वेळ नाही. तुझे जेवढे पेशंट आहेत, एकेकाला बोलाव. आजच्या आज. गोळी पूर्ण घेता का, विचार. खरं सांगतील असं विचार."

एकोणीस जणांना विचारलं. दोघं अर्धी घेत होते. एक गवंडी आहे, माझ्याच वयाचा. तो म्हणाला, "तुम्हीच ती गोष्ट सांगितली होती ना मॅडम, वडिलांची. मला वाटलं तुम्हाला तसंच हवंय."

दोघांनाही सिस्टरच्या समोर बसवलं. त्यांनी पूर्ण गोळी ठेवली जिभेखाली. मी विरघळेपर्यंत शेजारी बसून राहिले. सिस्टर माझ्याशी बोलल्या नाहीत.

३० मे

जेवण जात नाही. आई दोनदा ताट वाढून घेऊन आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी तिला म्हटलं, "आई, मी अण्णांची गोष्ट सांगून माणूस मारला."

ती खाली बसली. किती तरी वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग म्हणाली, "ती गोष्ट तशी नाहीये."

अण्णांनी बाटली ओतली हे खरं. पण त्याआधी पंधरा दिवस ते 'कामासाठी बाहेरगावी' गेले होते, ते दवाखान्यात होते. आणि नंतर साडेतीन वर्षं रोज सकाळी आम्ही शाळेत गेल्यावर आई त्यांना दारू सोडवायची गोळी द्यायची. समोर उभी राहून गिळायला लावायची. दोनदा त्यांनी गोळी चुकवली आणि दोनदा प्यायले. दोन्ही वेळा मला आणि ताईला मावशीकडे पाठवलं होतं. मला ते मावशीकडचे दिवस आठवतात. आम्हाला सुट्टीच वाटली होती.

"मग सांगितलं का नाहीस?"

"त्यांनी शपथ घातली होती. पोरींना कळू देऊ नकोस म्हणाले. आणि ते गेल्यावर तू इतक्या कौतुकाने सांगायचीस सगळीकडे. मला वाटलं, राहू दे. त्यात कुणाचं काय वाईट होणार आहे?"

मी तिच्यावर ओरडले. सत्तर वर्षांच्या बाईवर ओरडले. ती ऐकून घेत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "मी त्यांना रोज गोळी देत होते, म्हणून ते टिकले. मला कुणी कधी शाबास म्हटलं नाही."

मग आम्ही दोघी रडलो, पण वेगवेगळ्या खोल्यांत.

४ जून

राजीनामा लिहिला. डॉक्टरांनी वाचून परत दिला. "तू गेलीस तर तुझ्या जागी जी येईल, तिला हे माहीत नसेल. तुला माहीत आहे. बस." तीन महिने मी त्यांच्या देखरेखीखाली काम करणार. प्रत्येक नोंद ते वाचणार. बरोबर आहे.

१५ जून

सासूबाई आल्या. उरलेल्या गोळ्यांची डबी परत करायला. सिस्टरनी मोजून घेतल्या: चौतीस अर्ध्या, नऊ पूर्ण.

मग माझ्यासमोर बसल्या. खूप वाळल्या आहेत. "मला कळलं होतं," म्हणाल्या. "डबी मी आधीच पाहिली होती, टाकीमागे. पण बोलले नाही. मला वाटलं, जावई सुधारला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्याच्याबद्दल बरं वाटलं होतं बाई. मी मनातल्या मनात त्याला माफ करायला घेतलं होतं."

मी काही बोलायच्या आत त्या पुढे म्हणाल्या, "पोरीला मी सांगितलंय, तुझा बाप जिद्दीचा होता. शेवटी औषधसुद्धा सोडलं त्याने, कुणाच्या मदतीशिवाय. एक दिवस चुकला तेवढाच. तिला बरं वाटतं ऐकून. वर्गात सगळ्यांना सांगते."



मी म्हटलं, "आजी, असं नका सांगू तिला."

"का? काय वाईट आहे त्यात?"

मग मी त्यांना सांगितलं. अण्णांचं, आईचं. मी काय बोलले होते, तो मला काय म्हणाला होता, आणि मी कुठे गप्प बसले. तुम्ही बोळात विचारलंत तेव्हा मला माहीत होतं, हेही सांगितलं.

त्या उठल्या. टेबलाला धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मी तुम्हाला विचारलं होतं." मग पुन्हा, "तोंडावर विचारलं होतं." आणि निघून गेल्या. मी मागे गेले नाही.

२६ जून

आज त्या मुलीला घेऊन आल्या. मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. शाळेचा गणवेश, दोन वेण्या, एक सुटत आलेली. बापासारखं कपाळ.

सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला जमत नाही. तुम्ही चूक केलीत, तुम्हीच सांगा." आणि आत येऊन खुर्चीवर बसल्या. या वेळी त्या बाहेरच्या बाकावर गेल्या नाहीत.

मी मुलीला सांगितलं, जेवढं सोपं करता आलं तेवढं. की बाबांना एक आजार होता. त्यात अंगाला एक वाईट गोष्ट हवीहवीशी वाटते. गोळी ते हवंसं वाटणं थांबवायची. गोळी घेत होते तेव्हा ते ठीक होते, कामावर जात होते, हसत होते. गोळी घेणं हे आजारी असणं नव्हतं, तेच बरं असणं होतं. गोळी सोडली ती त्यांना वाटलं तुला आवडेल म्हणून. तुझ्यामुळे नव्हे. तू काहीही चुकीचं विचारलं नव्हतंस.

ती ऐकत होती. रडत नव्हती. बोटाने टेबलाची कड खरवडत होती.

"म्हणजे त्यांनी रोज घेतली असती तर ते असते?"

डॉक्टर म्हणतात, असं छातीठोकपणे कधी सांगू नये. मी म्हटलं, "बहुतेक असते."

"तुम्हाला माहीत होतं, त्यांनी बंद केली ते?"

"हो."

"मग तुम्ही त्यांना घ्या म्हणून का नाही सांगितलं?"

खोलीत आम्ही तिघीच होतो. सासूबाई खिडकीकडे बघत होत्या. माझ्याकडे उत्तरं पुष्कळ होती. वडिलांचं, विश्वासाचं, अभिमानाचं. त्यातलं एकही नऊ वर्षांच्या मुलीला देण्यासारखं नव्हतं.

"सांगायला हवं होतं," मी म्हटलं. "मी नाही सांगितलं. माझं चुकलं."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, माझा चेहरा लक्षात ठेवायचा असल्यासारखं.

"बरं," ती म्हणाली.

मग आजींना म्हणाली, "चल," आणि त्यांचा हात न धरता पुढे निघाली.